मुलं मोठी होईपर्यंत थांबू नका, बेत लहान करा

तुम्ही लिहिलंय की मुलगी चार वर्षांची आहे आणि मुलगा दीड वर्षाचा. सुटीच्या दिवशी हौसेनं कुठेतरी जायचं ठरवता आणि दर वेळी रडारडीत परत येता. गेल्या वेळी दीड तासाचा प्रवास करून तळ्याकाठच्या मोठ्या बागेत गेलात. मुलगा गाडीत झोपला होता, त्याला उठवावं लागलं आणि मग तो किरकिरतच राहिला. मुलगी गाडी लावली तिथल्या डबक्यापासून हलेना. होडीत बसायचं राहिलं, निघताना तिनं जमिनीवर लोळण घेतली आणि परतीच्या वाटेवर तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतात. आता मुलांचे बाबा म्हणतात, मोठी होईपर्यंत थांबू, एवीतेवी त्यांच्या काही लक्षात राहत नाही. खरंच थांबावं का, असं तुम्ही विचारलंय.

थांबू नका. पण बेत लहान करा, तुमच्या मनात येईल त्याहूनही लहान. मी बालवर्गाची शिक्षिका आहे. मुलांना वर्गाबाहेर मोकळ्यावर नेणं हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि ते काम मी बरीच वर्षं करतेय. तिथे जे दिसत आलंय त्याच्या आधारानं लिहिते.

तुम्ही रडण्याबद्दल विचारलंत, पण तुमच्या वर्णनात मला आधी ते डबकं दिसलं. मुलीची सहल तिथेच सुरू झाली होती. तिला पाणी मिळालं, चिखल मिळाला, जोरात उडी मारली की थेंब किती लांब जातात ते बघायला मिळालं. तिच्या लेखी तुम्ही पोचला होतात. तुमच्या लेखी बाग अजून यायची होती. पहिली ओढाताण इथे झाली आणि पुढचा सगळा दिवस त्या ओढाताणीवर चालला. मोठी माणसं ठिकाण ठरवून निघतात आणि वाट कशीबशी उरकतात. चार वर्षांच्या मुलाला वाट आणि ठिकाण वेगळं करता येत नाही. समोर जे आहे तेच त्याचं ठिकाण.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगते, म्हणजे माझा सल्ला कुठे ताणायचा आणि कुठे सोडायचा ते तुम्हाला ठरवता येईल. काही मुलं नव्या जागी शिरताक्षणी धावत सुटतात, काही अर्धा तास आईच्या पायाला चिकटून बघत राहतात. हा स्वभाव असतो, आणि तो घाईनं बदलत नाही. दोन मोठी माणसं बरोबर असणं आणि एकटीनं दोघांना सांभाळणं यांत फार फरक आहे. रात्री मुलगा किती वेळा उठतो, तुमची झोप झालीय का, आदल्या दिवशी कुणाला ताप होता का, यावरही बरंच ठरतं. झोप न झालेल्या आईबाबांनी सुटीच्या सकाळी घरीच चादरींचा तंबू बांधला तर मुलांचं काहीही बुडत नाही.

माझ्या कामाचा सगळ्यात उपयोगी नियम एका ओळीत सांगता येतो: एका वेळी एकच गोष्ट नवी, बाकी सगळं ओळखीचं. नवीन मुलं आली की आम्ही पहिल्या दिवशी त्यांना फक्त फाटकापर्यंत नेतो आणि परत आणतो. मग फाटकाबाहेरच्या झाडापर्यंत. मग त्याच झाडापाशी खाऊ खायला. झाड ओळखीचं झालं की पुढची वाट. बघणाऱ्याला हे फारच संथ वाटतं. पण या क्रमानं गेलेली मुलं पुढे अनोळखी जागी शांत असतात, आणि घाईनं नेलेल्या गटात एकाचं रडणं सुरू झालं की ते सगळ्यांत पसरतं.

या नियमानं तुमचा तो दिवस मुलाच्या बाजूनं मोजून पाहा. जागा नवी. झोपेची वेळ मोडलेली. भूक नेहमीच्या वेळेला लागली तेव्हा खाणं समोर नव्हतं. आजूबाजूला अनोळखी माणसांची गर्दी, मोठं पाणी, आणि घाईत असलेले आईबाबा, जे त्याला सगळ्यात अनोळखी वाटले असतील. यातली कुठलीही एक गोष्ट त्यानं निभावून नेली असती. सगळ्या एकदम आल्या. आपण ओळखीचे आवाज आणि चेहरे नकळत बाजूला सारतो आणि हव्या त्या गोष्टीकडे लक्ष देतो. लहान मुलाला हे अजून नीट जमत नाही. स्वतःला आवरणं, थांबणं, लक्ष वळवणं ही कामं ज्या मेंदूच्या पुढच्या भागावर अवलंबून असतात, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. दीड आणि चार वर्षं ही तर त्या वाटेची अगदी सुरुवात. म्हणून नव्याचा डोस आपण मोजून द्यायचा.

नवी गोष्ट मोठी असावी लागत नाही, हे मला फार आग्रहानं सांगायचंय. रोजचीच वाट, पण अंधार पडल्यावर हातात टॉर्च घेऊन. रोजचीच बाग, पण अनवाणी. बसमधून एकच थांबा पुढे जायचं आणि चालत परत यायचं. पाऊस थांबल्यावर गोगलगाय शोधायला निघायचं आणि ती सापडली की तिच्या वेगानं तिच्याबरोबर जायचं. मुलीनं स्वतःची छोटी पिशवी स्वतः भरायची आणि स्वतः उचलायची. शेजारच्या घरी एकटीनं निरोप सांगून यायचं, तुम्ही दारात उभ्या. चार वर्षांच्या मुलीसाठी हे शेवटचं तर मोठंच धाडस आहे. दार वाजवायचं, आपलं नाव सांगायचं, वाक्य पुरं करायचं आणि परत यायचं! आमच्या वर्गात शेजारच्या खोलीत निरोप घेऊन जाण्यासाठी मुलं रांग लावतात.

आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा जा. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पहिल्या खेपेला मूल जागा नुसती बघतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते थेट आपल्या दगडाकडे जातं, गेल्या वेळचं बीळ अजून आहे का ते तपासतं, गोष्टी रचू लागतं. ज्या खेळासाठी आपण त्यांना बाहेर नेतो तो खेळ बहुतेक वेळा जागा ओळखीची झाल्यावरच सुरू होतो.

आता वेळ आणि अंतर. कॅरेन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळी खेळताना किती चालतात ते मोजलं. तासाला सरासरी 2,368 पावलं आणि 17 वेळा पडणं! तुमचा मुलगा याच वयाचा आहे. म्हणजे तो आळशी नाही आणि त्याचे पायही कमजोर नाहीत. तो थोडं चालतो, थांबतो, वळतो, बसतो, पुन्हा उठतो. सरळ रस्त्यावर एका दिशेनं आपल्यामागे येत राहणं हे मात्र वेगळंच काम आहे, आणि ते त्याला अजून येत नाही. त्यामुळे त्याच्या पायांवर अवलंबून अंतर ठरवू नका. तो मोकळा फिरेल अशी एक जागा निवडा आणि तिथपर्यंत त्याला उचलून किंवा बाबागाडीतून न्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत बाबागाडीत किंवा खुर्चीत मुलाला सलग एक तासापेक्षा जास्त जखडून ठेवू नये असं म्हटलंय. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी, आणि झोप एक-दोन वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह 11 ते 14 तास, तीन-चार वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास मिळावी, असंही त्यात आहे. तुमच्या बेताशी हे ताडून पाहा. जाताना दीड तास आणि येताना दीड तास पट्ट्यात बसण्यातच त्या दिवसाचा मोठा भाग गेला. मी पालकांना सांगते की जाण्यायेण्याचा एकूण वेळ तिथे घालवायच्या वेळेपेक्षा कमीच असला पाहिजे, आणि घरून निघायची वेळ घड्याळावर न ठरवता मुलाच्या झोपेवर ठरवायची. तो उठला, खाल्लं, की लगेच निघायचं. तुमच्या हातात दोन-अडीच चांगले तास असतात. ते गाडीत घालवू नका.

पोचल्यावर काय करायचं? एक जागा पक्की करा आणि तिथेच बसा. हे साधं वाटेल, पण यामागचं कारण मोलाचं आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्स्वर्थ यांनी युगांडातल्या आईबाळांचं निरीक्षण करून दाखवलं की बाळ आईला आधाराचा तळ मानून तिथून शोध घ्यायला निघतं आणि पुन्हा तिच्याकडे येतं. पुढे 1972 साली अँडरसन नावाच्या संशोधकानं लंडनच्या बागांमध्ये सव्वा ते अडीच वर्षांची मुलं पाहिली. आई एका जागी बसलेली असली की मुलं थोडी लांब जात, थांबत, परत येत, पुन्हा जात. साधारण साठ मीटरपलीकडे फारशी कुणी गेली नाहीत. आई उठून चालू लागली की मात्र मुलांना तिच्यामागे जाणं जमेना, ती जागीच थांबत किंवा उचलून घे म्हणत. बागेत आल्यावर मुलगा सारखा चिकटतो अशी तुमची तक्रार आहे. पुढच्या वेळी त्याला घेऊन बाग फिरू नका, एका झाडाखाली पंधरा मिनिटं बसून राहा. तो सुटतो की नाही ते बघा. आणि तो परत येऊन नुसता गुडघ्याला हात लावून गेला, तर त्याचं काम झालं. त्या वेळी त्याला धरून ठेवायची किंवा काही दाखवायची गरज नसते. अर्थात साठ मीटर हा काही भरवशाचा आकडा मानायचा नाही. जागा कुंपणाची हवी आणि नजर त्याच्यावरच हवी.

धोक्याबद्दलही तुम्ही ओझरतं लिहिलंय की मुलगी सगळीकडे चढते आणि तुमचा जीव वरखाली होतो. नॉर्वेतल्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी 2007 साली मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंचीवर चढणं, वेग, धारदार वा धोक्याची हत्यारं, आग किंवा पाण्यासारख्या गोष्टींच्या जवळ जाणं, झोंबाझोंबी, आणि नजरेआड होणं. मुलं या प्रकारांकडे आपसूक ओढली जातात, कारण थोडीशी भीती आणि ती जिंकणं यात त्यांना आनंद असतो. तेव्हा चढू द्या. फक्त तुम्ही तिला वर चढवू नका. जिथवर ती स्वतः चढू शकते, तिथवरून तिला बहुधा उतरताही येतं. ‘पडशील, पडशील’ या शब्दांनी मुलाचं लक्ष पायावरून उडून आपल्या चेहऱ्याकडे जातं, म्हणून आम्ही वर्गात ते टाळतो. त्याऐवजी विचारायचं: पुढचा पाय कुठे ठेवतेस? ती फांदी हलते का बघ बरं. मूल थांबतं, फांदी हलवून बघतं, विचार करतं.

दोन गोष्टींत मात्र अजिबात सूट नाही, पाणी आणि रस्ता. लहान मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकतं आणि बुडताना बहुधा आवाज होत नाही. पाण्याजवळ एक मोठं माणूस मुलाच्या हाताच्या अंतरावर, फोन खिशात, आणि हे माणूस कोण ते दोघांनी मोठ्यानं बोलून ठरवायचं. दोघंही बघताहेत असं वाटतं तेव्हा कधीकधी कुणीच बघत नसतं. रस्त्यावर चार वर्षांच्या मुलीला कितीही समजावलं तरी येणाऱ्या गाडीचा वेग तिला जोखता येत नाही. ती समज यायला अजून कितीतरी वर्षं आहेत. तिथे हात धरायचाच, आणि त्यावर चर्चा नाही. ऊन असेल तर एवढं लक्षात ठेवा की लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. तहान लागायची वाट न बघता पाणी देत राहा.

आता निघताना होणारा तमाशा. बहुतेक घरांत दिवस इथेच बिघडतो. ‘पाच मिनिटांत निघायचं’ या वाक्यातून चार वर्षांच्या मुलीला काहीच कळत नाही, कारण पाच मिनिटं तिला दिसत नाहीत. तिला मोजता येईल असं काहीतरी द्या: अजून तीन वेळा घसरगुंडी. अजून पाच दगड पाण्यात टाक, शेवटचा सगळ्यात मोठा घे. मग निघायचं. तिसऱ्या घसरगुंडीनंतर चौथी द्यायची नाही, प्रेमानंही नाही. तुम्ही शब्द पाळता हे तिला दोन-तीन खेपांत कळतं आणि मग घासाघीस कमी होते. निघताना तिच्या हाती काम द्या. पाण्याची बाटली शोधायची, भावाचे बूट आणायचे, झाडाला ‘येते’ म्हणायचं. रिकाम्या हातांनी जागा सोडणं मुलांना फार जड जातं.

तरीही लोळण घेतलीच तर? त्या क्षणी समजावू नका. तिच्या कानात शब्द शिरायच्या अवस्थेत ती नसते. खाली बसा, ती कशावर आपटणार नाही एवढं बघा, आणि एकच वाक्य: ‘तुला थांबायचं होतं. आपण निघतोय.’ ओसरलं की उचला. लोक बघतात याचं दडपण मला समजतं. ज्यांनी मुलं वाढवलीत ते बहुधा सहानुभूतीनंच बघत असतात.

या सगळ्यापेक्षा मोठी युक्ती म्हणजे मुलं आनंदात असतानाच परत फिरायचं. आपण बहुतेक रडणं सुरू झालं की निघतो, आणि मग परतीचा सगळा प्रवास दमलेल्या मुलाबरोबर होतो. आम्ही गट बाहेर नेतो तेव्हा मुलं सगळ्यात रंगात आली की समजतो, आता परतीची तयारी करायची. पालकांना हे जिवावर येतं. मलाही तेव्हा निघावंसं वाटत नाही. पण परतीला लागणारी ताकद मुलांकडे शिल्लक ठेवायची असेल तर दुसरा मार्ग नाही.

दोन मुलांची गती वेगळी आहे, ही तुमची खरी अडचण. सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं हा आग्रह सोडा. एकत्र जा, एकत्र खा, एकत्र या, मधला वेळ वाटून घ्या. अर्धा तास मुलगी बाबांबरोबर, मग अदलाबदल. धाकटा सारखा मध्ये येतो म्हणून थोरली चिडते, आणि तिचं चिडणं रास्त आहे. दीड वर्षापूर्वीपर्यंत तुम्ही पूर्ण तिच्या होतात. महिन्यातून एकदा नुसतं तिला घेऊन निघा, अगदी कोपऱ्यापर्यंत का होईना.

आता बाबांचा मुद्दा, लक्षात राहत नाही हा. त्यात तथ्य आहे. मोठ्या माणसांच्या सगळ्यात जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात, त्यामुळे मुलाला हे दिवस प्रसंग म्हणून आठवणार नाहीत. पण त्याचा तोल, त्याची पकड, पडल्यावर उठण्याची सवय, ‘मी लांब गेलो तरी आई तिथेच असते’ हा विश्वास या गोष्टी आठवणीवर अवलंबून नसतात. त्या अंगात मुरतात. मुलीचं तर निराळंच आहे. रॉबिन फिवुश आणि इलेन रीझ या मानसशास्त्रज्ञांनी आईवडील मुलांशी घडून गेलेल्या प्रसंगांबद्दल कसं बोलतात याचा अभ्यास केला. जे पालक मोकळे प्रश्न विचारतात, मुलाच्या उत्तरात तपशिलाची भर घालतात, त्याला काय वाटलं ते बोलतात, त्यांची मुलं पुढे आपले अनुभव जास्त तपशिलानं सांगतात. तेव्हा रात्री झोपताना तिला विचारा, ‘त्या पाण्यात उडी मारलीस तेव्हा काय झालं गं?’ ती म्हणेल, चिखल उडाला. तुम्ही म्हणा, ‘हो, बाबांच्या चष्म्यावरसुद्धा! मग ते काय म्हणाले?’ ‘होडीचा रंग कोणता होता?’ असली परीक्षा नको. तिला ज्यात गोडी वाटली तिथूनच सुरुवात करा. धाकटा शेजारी ऐकत असला तर उत्तमच.

पुढच्या सुटीला मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. चालत जाता येईल अशी, मुलांच्या रोजच्या ओळखीची जागा. मुलगा उठल्या-खाल्ल्यावर निघायचं, तासाभरात घरी. नवी गोष्ट एकच, डबकं. जुने कपडे, बदलायला कोरडे, पाणी, ओळखीचा खाऊ, बस्स. बाबांनी मुलीबरोबर डबक्यात उतरायचं, तुम्ही मुलाला घेऊन काठावर बसायचं, मग उलट. पुढच्या वेळी तीच जागा आणि बसचा एक थांबा. अशा काही खेपा सुखानं झाल्या की मगच लांबचं ठिकाण, आणि तिथेही ‘सगळं बघून यायचं’ ही अट ठेवायची नाही.

हे सगळं करूनही, झोप आणि खाणं नीट झालेलं असताना, ओळखीच्या जागीसुद्धा मुलगा दर वेळी कान झाकून घेत असेल, किंवा दीड वर्षाचा होऊनही आधाराशिवाय चालत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या. तुमच्या लिहिण्यावरून तसं काही दिसत नाही, पण रोज त्याच्याबरोबर तुम्ही असता, त्यामुळे तुम्हाला जे जाणवतं ते डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा.